लवंगीला हाक

१

नव्याचे नऊ दिवस संपले की कुठलाही खेळ कपाटावर जातो, हा जगाचा नियम. पडदेवालीच्या नवऱ्याला मात्र तो कुणी सांगितलेला नव्हता. सात वर्षं झाली, हा माणूस रोज संध्याकाळी त्याच खेळात जात होता आणि तिथून उठताना चेहरा असा घेऊन यायचा, की कुणीतरी त्याला दारापर्यंत सोडायला आलं असावं.

ती एका दुकानात पडदे शिवायची, म्हणून बिल्डिंगमधले लोक तिला पडदेवाली म्हणत. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना बाहेरून धीर द्यायचा, घरी आला की हात धुवायचा आणि चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत जायचा. मग खुर्चीची कुरकुर. मग लॅपटॉपच्या पंख्याची घरघर. मग खेळातल्या पाणचक्कीचा आवाज. तो तिला इतका पाठ झाला होता, की कुठे नळ गळत असला तरी तिला वाटायचं, बसला हा खेळायला.

खेळाचं नाव सातदरी. हजारो लोक आपापल्या घरून एकाच वेळी त्यात शिरत, प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगानं तिथं जगायचं. लग्न झालं तेव्हा दोघं हौसेनं बरोबरच आत गेली होती. त्याचं सोंग ढालवाला, जाडजूड, चालायला मंद. त्याचं नाव तिनं ठेवलं, गोगलगाय. तिचं सोंग जखमा बांधणारी वैदीण, पण तोंडानं तिखट. तिचं नाव त्यानं ठेवलं, लवंगी. नदीकाठी दोघांनी घर बांधलं, बाहेर भोपळ्याचा वेल लावला, आणि भांडली तर खेळातसुद्धा दोन दिवस बोलायची नाहीत.

तीन वर्षांत ती कंटाळली.

"तोच डोंगर, तेच लांडगे," ती म्हणाली. "मेलेले परत उठून येतात आणि आपण परत मारायचे. ही तर धुणीभांडीच झाली. तुला कंटाळा कसा येत नाही?"

"लांडग्यांसाठी कोण जातंय?" तो म्हणाला. "आपलं घर आहे तिथं."

त्यातलं 'आपलं' तेव्हा तिला फार गोड वाटलं होतं. पुढे पुढे तोच शब्द दाताखालच्या खड्यासारखा लागायला लागला.

२

सातदरीत एक रीत होती. खेळ चालवणाऱ्यांना जागा पुरत नसे, म्हणून नियमच होता, की ज्या सोंगाशी कुणी बोलत नाही ते फिकं पडत जाणार आणि एके दिवशी पुसलं जाणार. त्यावर जुन्या खेळाडूंनी तोड काढली होती. सोडून गेलेल्यांच्या दाराशी जाऊन ते नाव घेऊन हाक द्यायचे. उत्तर आलं की सोंगाला पुन्हा रंग चढायचा. नुसत्या हाकेनं भागत नसे, उत्तर लागायचंच.

आता जो माणूस खेळच सोडून गेला, तो उत्तर कुठून देणार? लिफ्टवाल्यानं त्याचाही बंदोबस्त केला होता. शेजारी जुना लॅपटॉप ठेवायचा, त्यावर लवंगी चालू करायची, या लॅपटॉपवरून हाक द्यायची, "लवंगी, आहेस का?" आणि त्या लॅपटॉपवर वाकून स्वतःच उत्तर लिहायचं, "बोला, गोगलराव." हे उत्तर तिचंच, पहिल्या वर्षातलं.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिला हसू आवरेना. "अरे, स्वतःच विचारतोस आणि स्वतःच सांगतोस? लोक वेडा म्हणतील."

"तू फिकी पडू नयेस म्हणून," तो कानाच्या पाळ्या लाल करत म्हणाला.

एका संध्याकाळी ती भांडी पुसत होती आणि मागच्या खोलीतून त्याचं हसणं आलं. मोठ्यानं, पोट धरून, अगदी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हसायचा तसं. ती हातातली बशी घेऊनच दाराशी गेली. पडद्यावर नदीकाठचं घर होतं. ओट्यावर लवंगी बसली होती आणि तिच्या डोक्यावर अक्षरं उमटत होती, भराभर, थांबायचं नाव नाही. आणि त्याचे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते.

ती स्वयंपाकघरात परत आली. बशी जागेवर ठेवली. मग तिला आठवलं, की जुना लॅपटॉप घरात नाहीच. त्याची बॅटरी फुगली होती, आणि घर आवरताना तिनंच तो भंगारवाल्याच्या हवाली केला होता. त्याला बरेच महिने झाले.

फोनवरून करत असेल, तिनं स्वतःला समजावलं. असतात आजकाल सोयी.

त्याचा फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावरच चार्जिंगला होता, तिच्या हातापाशी.

३

संशयाला एकदा पाय फुटले की तो सगळ्या घरात फिरतो. ती त्याच्या कपड्यांचा वास घेऊन बघायला लागली आणि मग स्वतःचीच लाज वाटायला लागली, कारण तिकडच्या बाईचा वास येणार तरी कसा? पण बाई आहे, हे तिनं ठरवूनच टाकलं. कुणीतरी भवानी लवंगीच्या नावानं आपला संसार थाटून बसली आहे. सवत असते तिला निदान स्वतःचं नाव तरी असतं. हिनं तेही आपलंच उचललं, या विचारानं तिचा जळफळाट व्हायचा.

सकाळी चहा घेताना तो मधेच फिसकन हसला.

"काय झालं?"

"काही नाही गं. ती विती मोजणारी बाई आठवली."

तिच्या हातातला कप वर जाता जाता थांबला. विती मोजणारी बाई आदल्या दिवशी दुकानात आली होती. तिनं खिडकीचं माप नवऱ्याच्या वितींनी काढून आणलेलं, आणि पडदा निघाला थेट जमिनीवर लोळणारा. "आमच्या यांचं सगळं असंच," बाई भर दुकानात म्हणाली होती, "सांगायला एक आणि निघायला एक." दुकान हसून हसून लोटपोट झालं होतं. घरी सांगायचं म्हणून पडदेवाली रस्ताभर ते घोळवत आली होती. आली तर हा मागच्या खोलीत. मग तिनं सांगितलंच नाही.

"तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"म्हणजे? तूच ना."

"मी कधी?"

"काल. ओट्यावर बसून." तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक लाजरं हसू पसरत होतं. "अगं, मला कळलंय. केव्हाच कळलंय. स्वयंपाकघरातून फोनवरून बोलतेस ना माझ्याशी? मी मुद्दामच विषय काढला नाही. म्हटलं, तोंडावर बोलायचा संकोच होत असेल, तिथं तरी बोलते आहे. तू परत आलीस यातच मला सगळं मिळालं."

आता खरं सांगायची वेळ होती. 'ती मी नाही' एवढे तीन शब्द. पण तो ज्या नजरेनं बघत होता, त्या नजरेनं तिच्याकडे कुणी बघून वर्षं लोटली होती. खरं सांगितलं की ती नजर उठणार आणि लवंगीकडे जाणार, हे तिला लख्ख दिसलं. आपल्या ताटातलं तिला वाढायचं? मुळीच नाही.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"मग अशी तोंडावरही बोल ना कधी."

तिनं तोंड उघडलं. आणि सांगण्यासारखं काही सापडेचना, कारण जे काही होतं ते त्याला आधीच ठाऊक होतं.

"काय बोलायचं?" ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

४

नणंदेला खेळातले सगळे पासवर्ड ठाऊक असायचे. ती तर भावाच्याही आधीपासून खेळायची. पडदेवालीनं दुकानातून तिला फोन लावला.

"वहिनी, मी? शप्पथ नाही," नणंद म्हणाली. "मला माझ्या नवऱ्याशी बोलायला वेळ नाही, तुझ्या नवऱ्याशी तुझ्या नावानं कशाला बोलू? दोन पोरं आहेत घरात, ती काय कमी लांडगे आहेत?"

"मग कोण असेल?"

"खेळवाल्यांनी काहीतरी यंत्र बसवलं असेल. गिऱ्हाईक टिकवायला काय काय करतात हल्ली. जुना माणूस कंटाळून जाऊ नये, म्हणून त्याला आवडेल तसं बोलणारं काहीतरी ठेवत असतील." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "दादाला एकटं वाटत असेल गं. मी पुसले गेले ना तिथं, तेव्हा किती कासावीस झाला होता."

"पुसलं जातं म्हणजे नेमकं काय होतं?"

"काही नाही, खेळातलंच. आधी तुझ्या कडा पुसट होतात. मग दारं उघडेनाशी होतात. दुकानदार तुझ्या मागच्या गिऱ्हाइकाशी बोलतो. आणि शेवटी काय, बाकीचे सरळ तुझ्यातून चालत जातात. माणूस समोर असला की आपण वळसा घेतो की नाही? तो घ्यायचं बंद करतात. मला तर बाई हसूच आलं होतं."

यंत्र. पडदेवालीला ते पटलं. पटवून घेतलं, असं म्हणणं जास्त बरोबर. फोन ठेवून ती समोरच्या बँकेत सुटे आणायला गेली. बँकेचं काचेचं दार आपोआप सरकणारं. ती पुढे उभी राहिली. दार हललं नाही. ती एक पाऊल मागे आली, परत पुढे गेली, वरच्या डोळ्याकडे बघून हातही हलवला. आतून एक म्हातारा काठी टेकत बाहेर आला तेव्हा दार सरकलं आणि ती त्याच्या शेजारून आत घुसली.

बिघडलं असेल. दारंच ती, बिघडायचीच. नवऱ्याचं पोट त्यावरच चालतं.

संध्याकाळी मालकीणबाई कात्री शोधत तिच्या मशीनपाशी आल्या आणि एकदम दचकल्या. "अगं बाई! तू कधी आलीस?"

"सकाळपासून इथंच आहे मी."

"हो का?" मालकीणबाई म्हणाल्या, पण त्या बघत होत्या तिच्या खांद्याच्या जरा पलीकडे. "आजकाल तुझा आवाजच नसतो."

५

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, तो कामावर गेल्यावर, तिनं मागच्या खोलीत त्याच्या खुर्चीवर बसून लॅपटॉप उघडला. बाहेर लख्ख दुपार होती. खालच्या अंगणात कुणीतरी गाडी धूत होतं. सवयीनं चौकड्यांच्या गाऊनवरही गळ्यात मापाची पिवळी टेप तशीच राहिली होती. सुट्टीच्या दिवशीही ती सुटत नसे.

लवंगी होऊन आत जावं, असं तिच्या मनात होतं. पण पासवर्ड टाकला तर उत्तर आलं, की हे सोंग सध्या खेळात आहे. म्हणून तिनं एक नवंच सोंग घेतलं, बिनढालीचं, बिननावाचं म्हणावं असं, आणि पायवाट आठवत आठवत नदीकडे निघाली. वाटेत लांडगे भेटले. तेच ते. ते तिच्याकडे न बघता निघून गेले.

घर होतं तिथंच होतं. भोपळ्याचा वेल छपरापर्यंत गेला होता. खिडक्यांना पडदे होते.

पडदे त्यांनी कधी लावले नव्हते. आणि ते बघून तिच्या मानेवर काटा आला, कारण प्रत्येक पडद्याची कडेची चुणी आतल्या बाजूला दुमडलेली होती. ही तिची पद्धत. दुकानात बाकी कुणी असं करत नाही. कडेनं ऊन आत येतं, ते अडायला हवं, म्हणून. हे तिनं एकदाच एका माणसाला समजावून सांगितलं होतं, लग्नानंतर पहिला पडदा टांगताना. तो तेव्हा स्टूल धरून उभा होता.

ओट्यावर लवंगी बसली होती.

"कोण तू?" पडदेवालीनं लिहिलं.

"लवंगी," उत्तर आलं.

"लवंगी मी आहे."

"असं? मग मला हाक देतात तेव्हा तू ओ का देत नाहीस?"

 पडदेवालीला आपलीच ती जुनी तिखट बोलण्याची ऐट ओळखू येत होती. इतकी चांगली होते का मी बोलायला? "माझ्या नवऱ्याशी बोलणं बंद कर," तिनं लिहिलं.

"तू कर की सुरू."

"मी त्याला खरं सांगेन."

"सांग. तुला विचारलं होतं त्यानं. तूच म्हणालीस, हो, मीच." अक्षरं थांबली, मग पुन्हा उमटली, जरा सावकाश. "मला तो रोज हाक देतो. तुला कोण देतं गं?"

खाली गाडी धुणारा पाण्याचा नळ बंद करून निघून गेला. खोलीत फक्त पाणचक्की उरली. आणि तेवढ्यात खेळातल्या खिडकीचा पडदा वाऱ्यानं जरासा हलला, आणि घराच्या आतलं दिसलं.

आत नदीकाठच्या घरात असायला हवी तशी चूल नव्हती, भिंतीला ढालही नव्हती. एक खुर्ची होती. टेबल होतं. टेबलाशी पाठमोरं कुणीतरी बसलं होतं, अंगावर चौकड्यांचा गाऊन. खांद्यांच्या कडा भिंतीत मिसळून गेल्या होत्या, कुठे माणूस संपतो आणि कुठे भिंत सुरू होते ते कळत नव्हतं. गळ्यात मात्र एक पिवळी पट्टी स्पष्ट दिसत होती.

पडदेवालीचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

आतल्या आकृतीचाही गेला.

तिनं लॅपटॉप धाडकन मिटला. तरी पाणचक्की थोडा वेळ चालूच राहिली.

६

यंत्र आहे, ती पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाली. कॅमेरा असतो त्यात, चित्र काढतात आपलं. नणंदेनं सांगितलं ना. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून तिनं हात पुढे करून उजेडात धरला. हात होता. बोटं होती. नखांच्या कडा जरा पुसट वाटल्या, पण ऊन डोळ्यावर येत होतं.

भीती एकीकडे, आणि मत्सर दुसरीकडे. खरं सांगायचं तर मत्सरच मोठा होता. ती बया त्याला हसवते. माझेच विनोद सांगून हसवते. मी जे जे गिळलं, ते सगळं तिच्या तोंडून बाहेर पडतं आणि कौतुक तिचं होतं. आणि यात त्याचा दोष काढावा, तर तो बिचारा तिथंही मलाच शोधत होता. सात वर्षं एकाच खेळात राहिला, कारण तिथं हाक दिली की कुणीतरी ओ देत होतं. इथं त्यानं कितीदा हाक दिली असेल आणि आपण मान खाली घालून भांडी विसळली असतील, याचा हिशेब तिला लागेना.

सांगायचं. आजच. तो घरात शिरला की चप्पल काढायच्या आत. ती मी नव्हते, मी खोटं बोलले, मी इथं आहे, आणि त्या विती मोजणाऱ्या बाईची खरी गंमत अजून मी तुला सांगितलेलीच नाही, तिचा नवरा शेवटी दुकानात आला तेव्हा काय झालं ते ऐक. ते अजून त्या दुसरीला ठाऊक नव्हतं. पडदेवालीनं ते मनातसुद्धा हळूच म्हटलं.

रिकाम्या खोलीत तिनं मोठ्यानं म्हणून पाहिलं. "ती मी नव्हते."

आवाज आला, पण शेजारच्या घरातून यावा तसा.

७

संध्याकाळी लिफ्टचा दरवाजा वाजला, त्याची पावलं आली, कुलपात किल्ली फिरली. ती मागच्या खोलीच्या दारात उभी होती. आज आपल्याला ओलांडून आत जाऊच द्यायचं नाही, असं ठरवून तिनं दोन्ही हात चौकटीला टेकवले होते.

तो आत आला. कंबरेची हत्यारांची पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली, कपाळ पुसलं. आणि मग त्यानं जे केलं, ते या घरात त्यानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. मान वर करून, चांगल्या मोठ्या आवाजात त्यानं हाक दिली.

"लवंगी, आहेस का?"

तिचा सगळा राग, सगळं जळणं त्या क्षणी विरघळलं. घरात दिली, तिनं मनात म्हटलं, खेळात नाही, घरात दिली, म्हणजे मलाच दिली. तिचे डोळे भरून आले. उत्तर तर तोंडपाठ होतं. तिनं श्वास घेतला.

"बोला, गोगलराव!"

तिच्या पाठीमागून, मागच्या खोलीतून आला तो आवाज. खणखणीत, हसरा, सात वर्षांपूर्वीचा. आणि पाठोपाठ कुणीतरी उठलं की होते तशी खुर्चीची कुरकुर.

त्याचा चेहरा उजळला. "आज बाहेरच बसू या का चहाला?" तो म्हणाला. तिच्याकडे बघत म्हणाला, की तिच्या पलीकडे बघत, ते तिला कळलं नाही. "त्या वितींवाल्या नवऱ्याचं काय झालं शेवटी? सांगणार होतीस."

"सांगते की," मागून उत्तर आलं. "आधी आत तर ये."

पडदेवाली ओरडली. निदान तिनं तोंड उघडलं, एवढं खरं. चौकटीवरची बोटं तिनं आणखी घट्ट आवळली आणि दार पूर्ण अडवून धरलं.

तो हसत हसत सरळ दारापर्यंत आला. त्यानं वळसा घेतला नाही.